बदलते क्षेत्र आणि एक चुकलेला गुणाकार
(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेल्या भाषणावरून)



मी बी. ए., बी. एड. झालेला भाषाशिक्षक. विजेच्या गणितावर मी बोलावे, हे तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल. पण माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि ती तुमच्या मुलाच्या वहीतही असण्याचा संभव आहे, म्हणून हे धाडस.

बारावीत गेलेला माझा एक जुना विद्यार्थी वही घेऊन घरी आला. एका धन विद्युतप्रभारापासून १ मीटर आणि ३ मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंमधील विभवांतर काढावयाचे होते. १ मीटरवर विद्युतक्षेत्र ९ न्यूटन प्रति कुलंब. त्याने ९ ला २ मीटरने गुणून १८ व्होल्ट लिहिले होते. "सर, बरोबर आहे ना?" सूत्र क्षेत्र गुणिले अंतर, गुणाकारही बिनचूक. मी "बरोबर" म्हणालो. परीक्षेत तसलेच उदाहरण आले आणि त्याचे गुण गेले. तो मला काही बोलला नाही. पण मला चैन पडेना. शेवटी गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्यापुढे मी विद्यार्थी होऊन बसलो. जे समजले ते असे.

एस. टी. स्टँडवरून हळू निघते, मोकळ्या रस्त्यावर वेग घेते, घाटात पुन्हा मंदावते. निघतानाच्या वेगाला एकूण तासांनी गुणून गावाचे अंतर कोणी काढील काय? आम्ही नेमके तेच केले होते.

विभवांतर म्हणजे एक कुलंब प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यासाठी करावे लागणारे कार्य. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. दोन समांतर पट्ट्यांमध्ये क्षेत्र जवळजवळ सारखे असते. तेथे एकच गुणाकार पुरतो. एकट्या प्रभाराचे क्षेत्र मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १ मीटरवर ९, २ मीटरवर २.२५, ३ मीटरवर फक्त १. मग कोणत्या आकड्याने गुणावे?

उपाय सोपा आहे. वाटेचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला त्याच्या आरंभीच्या, म्हणजे मोठ्या, क्षेत्राने गुणून बेरीज करा. मग शेवटच्या, म्हणजे लहान, क्षेत्राने गुणून करा. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असणार. वाट अखंड ठेवली तर १८ आणि २. दोन तुकडे केले तर ११.२५ आणि ३.२५. अर्ध्या मीटरचे चार तुकडे केले तर सुमारे ८.३५ आणि ४.३५. दोन आकड्यांतील फरक १६, मग ८, मग ४! दर वेळी निम्मा. तुकडे बारीक करीत गेलात की दोन्ही आकडे ६ व्होल्टवर येऊन मिळतात. या बेरजेलाच गणितात संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, म्हणतात.

ताळाही पाहता येतो. अतिदूर विभव शून्य मानले, तर या प्रभारापासून कोणत्याही अंतरावरचे विभव ९ भागिले ते अंतर इतके येते. १ मीटरवर ९ व्होल्ट, ३ मीटरवर ३ व्होल्ट, फरक ६. एक गोष्ट ध्यानात ठेवा : क्षेत्राच्या दिशेने गेल्यास विभव कमी होते, उलट गेल्यास वाढते. चिन्हाची चूक येथेच होते.

विजेच्या गणितात विभवाची ही कल्पना पक्की करणारा जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा पवनचक्कीवर पीठ दळणारा माणूस. लहानपणी शाळा जेमतेम वर्षभर. १८२८ साली त्याने आपला निबंध वर्गणीदार मिळवून छापला. चाळिशीच्या उंबरठ्यावर तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला. १८४१ साली तो वारला, तोवर निबंधाची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. पुढे विल्यम थॉमसनने, म्हणजे लॉर्ड केल्व्हिनने, तो पुन्हा प्रकाशात आणला.

मी त्या विद्यार्थ्याला बोलावून, "चूक माझी होती," असे सांगितले आणि आम्ही दोघांनी ते उदाहरण पुन्हा सोडविले. तुमचा मुलगा किंवा मुलगी वही घेऊन आली, तर गुणाकार तपासण्याआधी एवढेच विचारा : "वाटेत क्षेत्र सारखे आहे का?" उत्तर तुम्हांला येत नसेल, तरी प्रश्न विचारता येईल. मी त्या दिवशी तोही विचारला नव्हता.