अब्बांचा टांगा

अब्बांचा टांगा त्यांच्यामागं पंधरा वर्षं परसात पडून होता. यंदा दुरुस्तीला काढला. सुतारनाना म्हणाले, "भाई, सगळाच नवाकोरा करून देतो." म्हटलं, "नको नाना, कुजलं तेवढंच बदला."

चाकाला तीन आरे बाभळीचे नवे बसले. लोखंडी धाव तापवून चढवली. पाणी ओतताच ती आवळली आणि सांधे घट्ट झाले. पाय टेकायच्या फळीवर मात्र अब्बांच्या टाचेनं पडलेला खळगा होता. नानांनी रंधा उचलला, मी त्यांचा हात धरला. फळी सपाट झाली असती, पण अब्बांची तीस वर्षं भुशात गेली असती. तिथं फक्त जवसाचं तेल लावलं.

आता नातू त्या खळग्यात टाच ठेवून बसतो. अजून त्याला तो मोठाच होतो.