कर्जाची वरात
(गावच्या चावडीपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



मी शाळामास्तर. मला मोठे व्याख्यान देता येत नाही. हिशेब मात्र येतो, तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी ओढ्याकाठचे दीड एकर रान गहाण टाकले. मांडव मोठा, पंगती तीन, वरातीला बँड! वरात दोन तासांत संपली. रान सोडवायला अकरा वर्षे लागली. तितकी वर्षे आमच्याच रानात दुसऱ्याची ज्वारी डोलताना आम्ही बांधावरून पाहिली. ज्या लोकांनी नावे ठेवू नयेत म्हणून हे केले, त्यांनी आमटीत मीठ कमी म्हणून नावे ठेवलीच. बहीण सासरी सुखी आहे. पण ती काही त्या बँडमुळे नव्हे.

आता हिशेब ऐका. दोन लाख रुपये दरमहा शेकडा ३ रुपयांनी काढले, तर व्याज महिन्याला ६,००० व वर्षाला ७२,००० होते. ३४ महिन्यांत नुसते व्याजच २,०४,००० होऊन मुद्दलाच्या पुढे जाते, आणि मुद्दल जागच्या जागी! वरातीचे घोडे परत जाते. व्याजाचे घोडे मात्र दारात बांधलेलेच राहते, आणि ते रात्रीदेखील खाते.

कोणी म्हणेल, "मास्तर, म्हणजे शेतकरी उधळ्या म्हणूनच बुडाला, असेच ना?" मुळीच नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्याची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशननेच लिहून ठेवले आहे की, लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले जाते. पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी व साऱ्यासाठी पुनःपुन्हा काढलेली लहान लहान कर्जेच साचत जातात. तेव्हा उधळेपणाचा शिक्का मी कोणावर मारीत नाही. पाऊस आपल्या हाती नाही, बाजारभावही नाही. म्हणूनच जे थोडे आपल्या हाती आहे, ते तरी सोडू नये. पेरणीचे कर्ज पिकातून फिटण्याची आशा असते. मिरवणुकीच्या कर्जाला कणीस येत नाही. लोहारदादाने ऐरण विकून पंगत घातली, तर दुसऱ्या दिवशी विळा कशावर ठोकावा?

साध्या लग्नाची वाट नवी नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या समाजाचे पहिले लग्न भटजीवाचून, थोडक्या खर्चात लागले. आज तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस व तीन साक्षीदार यांवर लग्न कायद्याने पक्के होते. त्यात बँडाचे कलम कोठेही नाही!

मग करावे काय? आधी खर्चाचा आकडा ठरवावा, मग पाहुण्यांची यादी करावी; आपण नेमके उलटे करतो. आकडा ठरविताना घरच्या बायांना विचारावे. डब्यात पीठ किती, हे त्यांनाच ठाऊक असते. टॉवेल-टोपीचे आहेर दोन्हीकडून बंद करावेत. वाचलेला पैसा त्याच आठवड्यात पोस्टात किंवा बचत गटात टाकावा. घरात ठेवला तर त्याला पाय फुटतात.

शेवटी एकच सांगतो. येत्या माघात माझ्या मुलीचे लग्न आहे. माणसे पन्नास, वरण, भात, लापशी, बँड नाही, आहेर नाही, कर्ज नाही. खरे सांगायचे तर हे तिने ठरविले. "लोक काय म्हणतील?" म्हणून मीच कचरत होतो. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आत्याच्या लग्नाचा हिशेब तुम्हीच मला शिकवला ना?" मी निरुत्तर झालो. व्याह्यांनीही आनंदाने रुकार दिला.

याला तुम्ही सारे साक्षी आहात. मास्तर बोलल्याप्रमाणे वागला नाही, तर याच चावडीत त्याला जाब विचारा. वागला, तर यानंतर ज्याच्या घरी कार्य असेल, त्याने पुढे यावे. मी त्याच्या शेजारी उभा राहीन.