पहिले अणुव्रत आणि आपल्या पेढीवरचा माणूस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'मनुष्यबळ व्यवस्थापनातील नीतिमूल्ये आणि कर्मचारी विकास' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. हा विषय ऐकताच मोठमोठ्या कंपन्या, त्यांची वातानुकूलित कार्यालये आणि तेथील पदवीधर अधिकारी डोळ्यांसमोर येतात. श्रीरामपूरच्या मेनरोडवरील कापड दुकानाचा, मार्केट यार्डातील आडत पेढीचा किंवा औषधाच्या दुकानाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. माझे म्हणणे याच्या उलट आहे. हा विषय सर्वांत आधी आपला आहे. कारण आपल्याकडे मालक आणि नोकर यांच्यामध्ये कोणतेही खाते नाही, कोणताही अधिकारी नाही. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री ते खाली ओढेपर्यंत ही दोन माणसे समोरासमोर असतात. त्यामुळे नीती असेल तर तीही समोरासमोरच दिसते आणि नसेल तर तेही लपत नाही.

आपले शहर फार जुने नाही. बेलापूर रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेस्थानकाभोवती ही वस्ती वाढली. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून या भागात खेळले, ऊस आला, गूळ आला, साखर कारखाने आले आणि बाजारपेठ उभी राहिली. या बाजारपेठेच्या वैभवात आपल्या समाजाच्या सचोटीचा आणि काटकसरीचा वाटा निश्चित आहे. परंतु त्यात हमालाच्या पाठीचा, मापाड्याच्या नजरेचा, दिवाणजींच्या अक्षराचा आणि दुकानातल्या पोऱ्याच्या धावपळीचाही वाटा आहे. पहिल्या वाट्याची नोंद आपण अभिमानाने ठेवली. दुसऱ्याची नोंद कोणत्या वहीत आहे, हा आजचा प्रश्न आहे.

सद्दालपुत्ताची कथा

उपासकदशांग सूत्रात दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांपैकी सातवा सद्दालपुत्त हा पोलासपूरचा कुंभार. कुंभार म्हटले तरी तो लहान कारागीर नव्हे. नगराबाहेर त्याची मडक्यांची पाचशे दुकाने होती आणि भोजन व वेतन ठरवून ठेवलेली अनेक माणसे तेथे राबत होती. आजच्या भाषेत तो मोठा उद्योजक होता. तो आजीविक मताचा अनुयायी होता. सर्व काही नियतीने ठरते, पुरुषार्थ म्हणून काही नसतो, असे त्याचे मत.

भगवान महावीरांनी त्याला विचारले, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना? तो आपल्या मताप्रमाणे म्हणाला, प्रयत्नाविना. भगवंतांनी पुढे विचारले, कोणी माणसाने तुझी ही मडकी चोरली किंवा फोडली, तर तू काय करशील? सद्दालपुत्त लगेच उत्तरला, त्याला शिव्या देईन, मारीन, बांधीन. तेव्हा भगवंतांनी दाखवून दिले की, पुरुषार्थच नसेल तर दोष देण्याचा तुला अधिकार नाही. आणि दोष देत असशील तर पुरुषार्थ आहे हे तू मान्य केलेसच.

हा संवाद तत्त्वज्ञानाचा असला तरी तो एका मालकाशी झालेला आहे, हे विसरून चालणार नाही. आपणही दुकानात अनेकदा सद्दालपुत्तासारखेच वागतो. मालाची बरणी फुटली, हिशेबात शंभर रुपये कमी भरले, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले की दोष नोकराचा. तेथे आपण त्याच्या कर्तृत्वावर पूर्ण विश्वास ठेवतो. पण दिवाळीच्या पाडव्याला वर्षाचा नफा मोजताना मात्र तो आपल्या नशिबाचा, वाडवडिलांच्या पुण्याईचा किंवा आपल्या अकलेचा ठरतो. नुकसानीत ज्याचा हात आपल्याला दिसतो, त्याचा हात नफ्यातही दिसला पाहिजे. व्यवस्थापनातील नीतीचा पाया माझ्या मते एवढाच आहे.

पाच अतिचार

ही नीती व्यवहारात कशी आणावी, यासाठी परदेशी ग्रंथ शोधण्याची आवश्यकता नाही. आपल्या सर्व परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात यांचे उच्चारण आपण करतो आणि बहुधा बैल-घोडे डोळ्यांसमोर आणतो. बैलगाडी तर आपल्या दारातून केव्हाच गेली. म्हणून हे दोष आता आपल्याला लागत नाहीत, अशी समजूत होते. परंतु आवश्यक सूत्रावरील जुन्या टीकांनी या दोषांचा विचार चतुष्पादांप्रमाणे द्विपादांच्या, म्हणजे माणसांच्या बाबतीतही केला आहे.

बंध म्हणजे बांधणे. आज दोरीने कोणी बांधत नाही, उचलीने बांधतात. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते, हंगामाआधी ऊसतोडीच्या जोडप्याला, म्हणजे एका 'कोयत्या'ला, आगाऊ रक्कम दिली जाते. अडचणीत दिलेली उचल हे उपकाराचे काम आहे. पण ती फिटूच नये अशा रीतीने हिशेब चालला की तीच दोरी होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशात बेकायदा ठरवली. मुलाच्या मूळ प्रमाणपत्रांचा गठ्ठा कपाटात ठेवून घेणे किंवा 'सोडून जाईल' म्हणून एक पगार कायम मागे ठेवणे, हे त्याच दोरीचे बारीक धागे आहेत.

वध म्हणजे येथे मारहाण. हात उगारणारे मालक आता विरळा. पण गिऱ्हाइकांसमोर केलेला पाणउतारा पाठीवरच्या वळापेक्षा अधिक दिवस टिकतो. स्त्री कर्मचाऱ्यांच्या सन्मानाचा प्रश्नही येथेच येतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लहान आस्थापनांनाही लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती आपल्या दुकानातील मुलीला आपणच दिली पाहिजे.

छविच्छेद म्हणजे अवयवाला इजा. मळणीयंत्रात, चरकात, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात गेलेली बोटे आपल्या भागाने पाहिलेली आहेत. त्याहून दारुण गोष्ट २०१९ मध्ये समोर आली. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे उघड झाले आणि राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एक दिवसाचा खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा अवयव गमावणे, याला दुसरे कोणते नाव देणार? त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपल्या सर्वांच्या चहात आहे.

अतिभारारोपण म्हणजे शक्तीपेक्षा अधिक भार लादणे. टीकाकारांनी येथे एक सुंदर मोजमाप दिले आहे : माणसावर तेवढाच भार द्यावा, जो तो स्वतः उचलू शकेल आणि स्वतः उतरवू शकेल. आपल्या यार्डात क्विंटलभर वजनाचे पोते एका पाठीवर चढवण्याची रीत वर्षानुवर्षे होती. ते पोते हमाल स्वतः उचलू शकत नसे. दोघेजण त्याच्या पाठीवर चढवीत. शास्त्राचे मोजमाप आपल्याजवळ असूनही ते कोणी लावले नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी कष्टकऱ्यांना संघटित केले, १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला, पोत्याचे वजन कमी करण्यासाठी दीर्घकाळ आग्रह धरावा लागला. आज पन्नास किलोचे पोते सर्वत्र दिसते, त्यामागे हा इतिहास आहे. आजच्या काळात भार केवळ पाठीवर नसतो. एकाच मुलाने विक्री, उधारी वसुली, घरपोच माल आणि शेटजींच्या घरची कामे करणे, तसेच रात्री दहाला मोबाईलवर हिशेब विचारला जाणे, हाही अतिभारच आहे.

अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी अडवणे. वेतन म्हणजेच नोकराच्या घरचे अन्नपाणी. महिना संपल्यावर सात दिवसांत वेतन द्यावे, असे कायदा सांगतो. 'सीझन मंदा आहे, पुढच्या आठवड्यात पाहू' हे वाक्य आपल्याला सहज वाटते. पण त्या आठवड्यात त्याच्या घरी किराणा कोणत्या दुकानातून उधार येतो, हे आपण विचारत नाही. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे स्वस्त भोजन केंद्र सुरू केले, ते याच भुकेला दिलेले उत्तर होते.

कायदा थांबतो तेथे

येथे एक वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे. किमान वेतनाचे बंधन लहान दुकानालाही आहे. पण भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस कर्मचारी असलेल्या आस्थापनेपासून लागू होतो, ग्रॅच्युइटी दहा कर्मचाऱ्यांपासून. आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात चार किंवा पाच माणसे. तीस वर्षे चाकरी केलेले दिवाणजी निवृत्त होतात तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि एक पाकीट मिळते. पाकिटात किती, हे शेटजींच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर अवलंबून.

ग्रॅच्युइटीचे गणित सोपे आहे : सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. कायद्याने ते आपल्यावर बंधनकारक नसेल, तरी व्रताला माणसांची किमान संख्या नसते. अणुव्रत एका नोकरालाही लागू आहे. किंबहुना कायदा जेथे थांबतो तेथूनच व्रताची खरी परीक्षा सुरू होते, कारण तेथे पाहणारा निरीक्षक नसतो.

दानाच्या बाबतीत आपला समाज अग्रेसर आहे. पण नोकराचे जे देणे आपल्याकडे राहिले, ती रक्कम आपली नव्हेच. तिच्यातून दिलेले दान कितीही मोठे असो, त्याची संगमरवरी पाटी आपल्या नावाची असली तरी पैसा दुसऱ्याचा असतो.

विकास : शिकवावे की रोखावे?

आता कर्मचारी विकासाकडे वळू. जीवांनी परस्परांवर उपकार करावेत, हे तत्त्वार्थसूत्रातील तत्त्व आपल्या प्रतीकचिन्हाखाली लिहिलेले असते. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत याची दोन उदाहरणे दिली आहेत. एक स्वामी आणि सेवक यांचे, दुसरे आचार्य आणि शिष्य यांचे. ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी यावीत, यात मला मोठा अर्थ दिसतो. जो मालक सेवकाला केवळ धन देतो तो अर्धा मालक. जो विद्याही देतो तो पूर्ण.

सोलापूरच्या जैन कुटुंबातील वालचंद हिराचंद यांचे उदाहरण घ्या. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया कंपनीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. त्या काळी जहाजांवर खलाशी भारतीय आणि अधिकारी इंग्रज, ही जणू निसर्गाची व्यवस्थाच मानली जाई. १९२७ मध्ये मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले, भारतीय तरुण अधिकारीपदाचे शिक्षण घेऊ लागले आणि सिंदियाने त्यांना आपल्या जहाजांवर उमेदवारीची संधी दिली. खलाश्याच्या देशातून कप्तान घडू शकतो, हा विश्वास कोणी तरी आधी ठेवावा लागतो.

आपल्याकडे एक शंका नेहमी ऐकू येते : 'शिकवून तयार केला की समोरच दुकान टाकतो.' ही भीती खोटी नाही. पण आपल्या घरांचा इतिहास आठवा. मारवाड-गुजरातेतून आलेल्या कितीतरी पूर्वजांनी आधी दुसऱ्याच्या पेढीवर गुमास्तेगिरी केली, वही लिहायला शिकले, मग मालकानेच पत दिली आणि त्यांनी स्वतःचे दुकान मांडले. ती पत कोणी दिली नसती, तर आज आपण या सभागृहात कोणत्या रांगेत बसलो असतो? ती शिडी आपल्या नात्यातल्या मुलापुरती ठेवायची की वडाळा महादेवहून सायकलवर येणाऱ्या मुलालाही लावून द्यायची, हा विकासाचा खरा प्रश्न आहे. गल्ला सोपवणे, खरेदीला सोबत नेणे, जीएसटीचे विवरण शिकवणे, संध्याकाळच्या महाविद्यालयीन वर्गासाठी दोन तास सोडणे, याला फार पैसा लागत नाही. मन मोठे लागते.

आरंभ कोठून?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक नम्र सूचना करून थांबतो. याचा आरंभ दुकानांपेक्षा धार्मिक संस्थांनी करावा. मंदिर असो वा स्थानक, पुजारी, भोजनशाळेतील स्वयंपाकी, पाठशाळेच्या शिक्षिका, कारकून, पहारेकरी आणि सफाई करणाऱ्या भगिनी यांच्यामुळेच संस्था चालते. 'ही सेवा आहे' असे म्हणून सर्वांत कमी वेतन अनेकदा येथेच दिले जाते. सेवा विश्वस्तांची असते. त्यांची ती उपजीविका आहे.

प्रत्येक संस्थेने पाच गोष्टी कराव्यात. प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूकपत्र द्यावे. वेतन ठरलेल्या तारखेला बँकेत जमा करावे. आठवड्याची सुटी पाळावी. ग्रॅच्युइटीची रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकावी. आणि कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या दिवशी आपल्या पेढीवरच्या माणसासमोर हात जोडताना आपली वही त्याच्या बाजूने चोख असावी, एवढीच अपेक्षा आहे.