रस्त्याची परीक्षा



रस्त्यांविषयीं बोलण्याचा अधिकार इंजिनिअरांचा. त्यांत माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें तोंड कां घालावें, असें कित्येकांस वाटेल. आक्षेप रास्त आहे. मात्र आयुष्यभर मीं मुलांच्या परीक्षा घेतल्या. परीक्षा कोणी घ्यावी आणि केव्हां घ्यावी, एवढ्यापुरती मला समज आहे. आज जें सांगावयाचें आहे तें तेवढ्याच अधिकारानें.

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. आमच्या कुटुंबास पाठीच्या मणक्याचें दुखणें उद्भवलें आणि पहांटेच दवाखान्यांत न्यावें लागलें. कोपऱ्यावरचा रिक्षावाला माझा जुना विद्यार्थी. शाळेंत भूगोलाशीं त्याचें कधीं जमलें नाहीं; परंतु त्या दिवशीं त्याचा भूगोल ऐकून मी थक्क झालों. "काकू, घट्ट धरा, आतां दोन हादरे हाईत, मग नाक्यापतोर काय न्हाई," असें सांगत, एकेक खड्डा चुकवीत तो रिक्षा चालवीत होता. पुढें नुकताच नवा केलेला, काळाभोर, गुळगुळीत रस्ता लागला. मला हायसें वाटलें. पण त्यानें उलट वेग कमी केला. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, जुना खड्डा वळखीचा असतोय. ह्यो रस्ता उन्हाळ्यात केलाय. त्यानं अजून पाऊस बघितला न्हाई. कुठं उचकटलाय ते पाण्याखाली दिसत न्हाई." इतक्यांत पुढचें चाक धाडकन् आदळलें. मागें बसलेल्या रुग्णाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी अद्याप विसरलों नाहीं.

त्यानंतर दोन महिने मीं एक उद्योग केला. रिक्षाथांब्यावर, तावडे हॉटेलच्या चौकांत, शिरोलीकडे ट्रक उभे राहतात तेथें, जो जो चालक बोलावयास राजी होता त्याला विचारलें कीं, दुरुस्त केलेला रस्ता तुम्हांस कसा वाटतो? प्रत्येकाचें उत्तर निराळें आलें. दुचाकीवाला सुट्या खडीला आणि नव्या थराच्या उंच राहिलेल्या कडेला भितो. ट्रकवाल्याला आपल्या गाडीचे पाटे तुटण्याची चिंता. एस. टी.चा चालक म्हणतो, खड्डा एक वेळ परवडला, पण त्यावर चढवलेलें उंच ठिगळ नको. रिक्षावाल्याचें दुःख तर आपल्या ध्यानांतही येत नाहीं. चारचाकी गाडी लहान खड्डा दोन चाकांच्या मधून सोडून देऊं शकते. रिक्षेचें पुढलें चाक नेमकें मध्यें, म्हणून दोन चाकें वांचवलीं तर तिसरें खड्ड्यांत जातें. परंतु एका बाबतींत या सर्वांचें एकमत होतें. नव्या रस्त्याबद्दल आज विचारूं नका, दुसऱ्या पावसाळ्यानंतर विचारा.

या म्हणण्यांत शास्त्र आहे. अर्वाचीन रस्त्यांचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात, तो स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) याचा मुख्य सिद्धान्त हाच होता कीं, भार खरोखर जमीन सोसते. तिला कोरडी ठेवा म्हणजे रस्ता टिकेल. डांबराचा थर म्हणजे एका अर्थीं जमिनीवर घातलेलें छप्पर. पाणी एकदां फटींतून आंत शिरलें कीं डांबर खडीला सोडूं लागतें, आणि वरून जाणारें प्रत्येक चाक तें पाणी आंत दाबतें. म्हणून रस्त्याचा मध्य किंचित् उंच व कडा उतरत्या ठेवावयाच्या, बाजूचीं गटारें मोकळीं ठेवावयाचीं, जुना पृष्ठभाग झाडून कोरडा करून मगच नवा थर द्यावयाचा, आणि तो गरम आहे तोंच रोलरनें दाबावयाचा. थंड झालेलें मिश्रण नीट दबत नाहीं. भर पावसांत, खड्ड्यांतलें पाणीही न काढतां ओतलेली खडी-डांबर कां टिकत नाहीं, हें यावरून कळेल. आपल्या कोल्हापुरास तर पाण्याची ओळख करून द्यावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें पंचगंगेचें पाणी शिरोलीपाशीं पुणें–बंगळूर महामार्गावर आलें आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली.

आतां पैशाची गोष्ट. रस्ता वापरणारानें रस्त्यासाठीं पैसे द्यावेत हा विचार कांहीं आजचा नव्हे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ मध्यें एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्यें पेट्रोलवर जादा कर बसला व त्यांतून रस्त्यांसाठीं स्वतंत्र निधि उभा राहिला. म्हणजे चालकानें पैसे द्यावयाचे आणि त्याबद्दल त्याला चांगला रस्ता मिळावयाचा, असा हा व्यवहार आहे. व्यवहाराची एक बाजू मोडली कीं तंटा उद्भवतो. शहरांतील सुमारें ५० किलोमीटर रस्त्यांच्या कामापोटीं ऑक्टोबर २०१३ मध्यें कोल्हापुरांत टोल सुरू झाला, तेव्हां प्रा. एन. डी. पाटील व कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या वयोवृद्धांसह सारें शहर रस्त्यावर उतरलें. २०१५ च्या अखेरीस सरकारनें तो टोल रद्द केला. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें किणी टोलनाक्यावर, महामार्ग खराब असतां टोल कशाचा, याच प्रश्नावरून आंदोलन झालें. अन्यत्रही हाच प्रश्न न्यायालयांपुढें गेला. केरळ उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दुरवस्थेंतील एका महामार्गावरची टोलवसुली थांबविली आणि सर्वोच्च न्यायालयानें तो आदेश कायम ठेवला. मुंबई उच्च न्यायालयानेंही ऑक्टोबर २०२५ मध्यें खड्ड्यामुळें मृत्यु आल्यास ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केला. परंतु भरपाई मेल्यावर मिळते; मणका दुखतो तो आज.

येथें थांबलों तर माझें भाषण सर्वांस गोड वाटेल. पण एका ट्रकचालकाचे शब्द मला थांबूं देत नाहींत. रस्त्याला शिव्या देऊन झाल्यावर तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "खरं सांगू गुरुजी? ह्यो रस्ता मी बी मोडलाय. मालक म्हणतोय, दोन टन जादा घाल. न्हाई म्हटलं तर गाडी दुसऱ्याला देतोय." १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक चालवून पाहिले. त्यावरून असें ठरलें कीं, आंसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट न होतां सुमारें सोळापट होते. हा हिशोब ऐकल्यावर, गळिताच्या हंगामांत उंसानें लादलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहिला कीं माझ्या मनांत सोळाचा पाढा सुरू होतो. दोष केवळ चालकाचाही नव्हे. ज्याला भाडें वांचवावयाचें असतें त्याचा, म्हणजे शेवटीं आपणां ग्राहकांचाही त्यांत वांटा आहे.

मग करावयाचें काय? माझें मागणें लहान आहे. परीक्षकानें उत्तरपत्रिकेचें नुसतें मुखपृष्ठ पाहून गुण देऊं नयेत. रस्ता झाला त्या दिवशीं नारळ फोडून, फीत कापून जें कौतुक होतें, तें मुखपृष्ठाचें कौतुक आहे. ठेकेदारानें रस्ता किती काळ स्वखर्चानें दुरुस्त करावयाचा याची मुदत करारांत असते. ती मुदत, काम पुरें झाल्याची तारीख व जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा, हें सर्व मराठींत, मोठ्या अक्षरांत, रस्त्याच्या दोन्ही टोंकांस लिहिलेलें असावें. आणि मुदत संपण्यापूर्वीं, एका पावसाळ्यानंतर, अधिकाऱ्यानें त्या रस्त्यावरून एकदां जावें. पण आपल्या मोटारींतून नव्हे. एकदां रिक्षेंतून, एकदां एस. टी.च्या मागच्या बांकावरून आणि एकदां ट्रकचालकाच्या शेजारीं बसून. चालक काय म्हणतात तें तेथेंच लिहून घ्यावें, आणि मगच शेवटचें बिल मंजूर करावें. यास खर्च फारसा नाहीं. कमरेचा थोडा त्रास होईल, एवढेंच.

आमचें कुटुंब आतां बरें आहे. परवां पुन्हां त्याच रिक्षेनें, त्याच रस्त्यानें गेलों. तो नवा रस्ता जेथें उचकटला होता तेथें आतां ठिगळ बसलें आहे. आमच्या विद्यार्थ्यानें मागें न पाहतां सांगितलें, "काकू, हितं एक धरा. आता ह्यो बी वळखीचा झालाय." त्याच्या भूगोलांत आणखी एका खड्ड्याची भर पडली. ती पडूं नये, एवढीच माझी आपणां सर्वांस विनंती आहे.