हरवलेल्या युद्धस्मारकाचा शोध



पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅलगुर्ली शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर कनौना नावाचे गाव होते. १८९३ मध्ये तेथे सोने सापडले आणि १९०५ च्या सुमारास तेथील लोकवस्ती १२ हजारांवर गेली. पुढे सोने सरले आणि १९५३ पर्यंत गाव ओस पडले. त्या प्रदेशात अशी ओसाड गावे अनेक आहेत.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या ५० लाखांहूनही कमी होती. तरीही ४ लाखांवर पुरुष सैन्यात दाखल झाले व त्यांपैकी सुमारे ६० हजार मृत्युमुखी पडले. खाणकामगारांची तर शत्रूच्या खंदकांखाली भुयारे खणण्यासाठी खास पथके उभारण्यात आली. मृतांचे देह स्वदेशी आणले जात नसत. त्यामुळे गावच्या सभागृहात, शाळेत किंवा प्रार्थनामंदिरात लावलेला नामफलक हीच घरच्यांच्या दृष्टीने मुलाची समाधी होती.

खाण बंद पडली की घरांचे पत्रे व लाकूड उतरवून दुसऱ्या गावी नेले जाई. अशा स्थलांतरात नामफलकही जागचे हलत आणि कालांतराने नजरेआड होत. मात्र अशा फलकाचा माग काढता येतो. प्रथम जुन्या वृत्तपत्रांत अनावरण समारंभाचे वृत्त शोधावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती वृत्तपत्रे संगणकावर उपलब्ध करून दिली आहेत. वृत्तात फलकावरील नावे मिळाली, तर राष्ट्रीय अभिलेखागारातील सैनिकांच्या सेवापुस्तिकांशी ती ताडून पाहता येतात. त्यानंतर ज्या इमारतीत फलक होता तिचे साहित्य कोठे गेले, याचा तपास करावयाचा. शेजारच्या गावचे सभागृह, चर्च, माजी सैनिकांची संघटना किंवा स्थानिक संग्रहालय येथे तो सापडण्याची शक्यता असते. क्वचित फलक मिळत नाही. परंतु तेवढ्यात नावे तरी हाती लागलेली असतात.

महाराष्ट्रातील स्थिती नेमकी उलट आहे. पहिल्या महायुद्धानंतर येथील अनेक गावांत संगमरवरी शिळा बसविण्यात आल्या. गावातून किती पुरुष युद्धावर गेले आणि त्यांपैकी किती कामी आले, एवढाच मजकूर त्यांवर बहुधा आढळतो. इराकमधील बसरा स्मारकातही भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात या विषम वागणुकीची कबुली दिली. सारांश, तिकडे फलक हरवला पण नावे उरली. इकडे शिळा उभी आहे, पण नावे लोपत चालली आहेत.

ही उणीव भरून काढणे ग्रामपंचायतींना व शिक्षकांना शक्य आहे. गावातील चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीवरील अशा शिळेचे छायाचित्र घ्यावे, तिचा मजकूर व जागा ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवावी. इमारतीची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करताना ती शिळा राडारोड्यात जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. जुन्या घराण्यांत निवृत्तिवेतनाचे कागद व पदके जपून ठेवलेली असतात. त्या युद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. पदक घासूनपुसून लखलखीत करण्यापूर्वी ही अक्षरे वाचून लिहून घ्यावीत. मग आयोगाच्या मृत सैनिकांच्या नोंदींत त्या नावाचा शोध घेता येईल.

शिळेवरील आकड्यामागे कोणाचा तरी पणजोबा आहे. गावातील एकच नाव जरी निश्चित झाले, तरी ते शाळेच्या भिंतीवर लिहावे. त्या गावच्या मुलांसाठी इतिहासाचा तो पहिला धडा ठरेल.