लाल चांदणी आणि हिरड्याचे पैसे

(कासारवाडी येथे झालेल्या समर्थकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला युवकांच्या कामाचा अहवाल द्यायला सांगितले आहे. पण आज मी फक्त एका वेबसाइटबद्दल बोलणार आहे. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेल्या बाईने वेबसाइटबद्दल काय बोलावे, असे काहींच्या मनात येईल. मलाही तसेच वाटत होते, म्हणून तर पहिल्या वेळी सगळे चुकले.

आपली बरीच मुले आंबेगावच्या पश्चिम भागातून येतात. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची गावे, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. मंचर, राजगुरुनगर, चाकण करीत एस.टी. नाशिक फाट्याला येते. ज्या चाकणमध्ये काम मिळावे म्हणून ती निघतात, ते ओलांडून ती इथे उतरतात, कारण खोली घेतलेला गाववाला कासारवाडीत नाहीतर फुगेवाडीत असतो. काम मिळते तेही त्याच्याच ओळखीने. ज्याचा गाववाला नाही, तो कारखान्यांच्या गेटवर फिरतो, आणि हल्ली मोबाईलवर शोधतो.

फिटरचा आय.टी.आय. केलेला एक मुलगा आपल्या केंद्रावर आला होता. त्याने नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज केला होता. अर्जात ई-मेल हवा होता. त्याचा नव्हता, म्हणून सायबर कॅफेवाल्याने एक उघडून दिला आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवला. मुलाखतीचे बोलावणे त्या ई-मेलवर आले. मुलाला ते कळले तेव्हा तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. तो रागावला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. ‘आपल्याला कुठे येतं ते,’ एवढेच म्हणाला.

त्या दिवशी ठरवले की आपल्या मुलांसाठी आपणच वेबसाइट काढायची. मंडळीतल्या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत ती तयार केली. दिसायला फार सुंदर. वर हलणारी चित्रे, त्यातल्या एकात मीसुद्धा होते! उद्‌घाटन केले, प्रार्थना केली, चहा झाला. आणि महिनाभर कोणी फिरकले नाही.

मग मी सहा मुलींना बोलावले, त्यांच्याच मोबाईलवर अर्ज भरायला सांगितले आणि शेजारी गप्प बसले. हे गप्प बसणे मला फार जड गेले. अर्जात तेवीस रकाने होते. सक्तीच्या रकान्यापुढे लाल चांदणी असते ना, ती पाहून एक मुलगी म्हणाली, ‘ताई, मी काही लिहिलंच नाही, तरी चूक कशी दाखवतंय?’ शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक आणि आधारवर दुसरे, म्हणून दुसरी नावापाशीच अडली. तिसरीने सगळे भरले, पण ‘सबमिट’ दाबेना. दाबले की पैसे कापले जातील, अशी तिला भीती होती. चौथीचा मोबाईल भावाचा होता. ओटीपी यायच्या आत तो मोबाईल घेऊन कामावर गेला.

या मुली अडाणी नाहीत, बारावी झालेल्या आहेत. आम्ही वेबसाइट केली होती ती आमच्यासारख्यांसाठी, आणि देणगीदारांना दाखवण्यासाठी. हे कबूल केलेले बरे.

आपल्या देशात यावर चांगले काम आधीच झाले आहे, हे मला नंतर समजले. बंगळुरूला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, साधारण वीस वर्षांपूर्वी, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी अक्षरांशिवाय चालणारी नोकरी शोधण्याची सोय तयार केली. चित्रे आणि आवाज, आकडे तेवढे ठेवलेले. भांडी घासण्याच्या कामासाठी नुसत्या भांड्यांचे चित्र काढले तर बायकांना ती जागा वाटे, काम नव्हे. चित्रात नळाचे पाणी वाहताना दाखवले तेव्हा उलगडा झाला. आणि बटणे दाबता आली तरी पलीकडे कोण आहे, ही माहिती कोणी घातली, हे कळेपर्यंत त्यांचा विश्वास बसेना. त्यासाठी सगळी हकीकत सांगणारी छोटी फिल्म आधी दाखवावी लागली. त्याच शहरात २००७ साली शॉन ब्लाग्सवेट यांनी ‘बाबाजॉब’ सुरू केले. गरिबाला काम ओळखीतून मिळते, म्हणून ज्याला ओळख नाही त्याला ती मिळवून द्यावी, हा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये ते ‘क्विकर’ने विकत घेतले.

सरकारचेही आहे. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्या लागत. आता राज्याचे ‘महास्वयम्’ आहे आणि केंद्राची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे. दोन्हींवर नोंदणी फुकट आहे. आम्ही मुलांची तिथे नोंदणी करून देतो आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहायला लावतो.

मग आपली वेबसाइट पुन्हा केली. आता चारच प्रश्न आहेत: नाव, फोन, शिक्षण, कुठून येणार. ई-मेल नाही, पासवर्ड नाही. फोन घरातल्या कोणाचाही चालतो. लाल चांदणी काढली. ‘सबमिट’च्या जागी ‘पाठवा, पैसे लागत नाहीत’ असे लिहिले. हलणारी चित्रे गेली, त्याबरोबर मीही गेले, आणि पान गावाकडच्या कमी रेंजमध्येही उघडू लागले. प्रत्येक जाहिरात मराठीत ऐकता येते.

जागेचा प्रश्न मात्र मुलींनीच सोडवला. आम्ही नुसते ‘चाकण’ लिहीत होतो. चाकण म्हणजे महाळुंगे, निघोजे, खराबवाडी की वासुली? दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, तेव्हा वासुलीहून मुलगी परत कशी येणार? आता जाहिरातीत गाव, पाळीची वेळ, कंपनीची बस आहे की नाही, आणि पी.एफ. वगैरे कापून हातात किती पडणार, हे असते. यातले एकही सांगायला जो तयार नाही, त्याची जाहिरात घेत नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी आठवा. तो स्वतः बाजारात गेला होता, आणि पहाटेच्या मजुरांशी मजुरी ठरवूनच त्याने त्यांना मळ्यात पाठवले.

हा नियम मात्र उशिरा आला, आणि त्याची किंमत आम्ही भरली नाही. पॅकिंगच्या कामाची एक जाहिरात आम्ही फोनवर विचारून लावली होती. प्रत्यक्ष कोणी गेले नव्हते. एका मुलीकडून त्या माणसाने गणवेश आणि नोंदणीचे म्हणून दीड हजार रुपये घेतले आणि फोन बंद केला. ते पैसे तिच्या आईने हिरडा विकून आणले होते. उन्हात रानोमाळ हिंडून गोळा केलेला, वाळवलेला हिरडा. पैसे आम्ही दुसऱ्या दिवशी परत दिले, पोलिसांत तक्रारही केली. पण ती जाहिरात आमच्या नावाखाली होती. मुलीने त्या माणसावर नव्हे, आपल्यावर विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून माणूस जाऊन गेट पाहिल्याशिवाय जाहिरात लागत नाही, आणि पंधरा दिवसांनी फोन करून जागा भरली असेल तर ती काढतो. यामुळे जाहिराती फार थोड्या असतात. एका समर्थकांनी विचारले, एवढ्याशा जाहिरातींसाठी वेबसाइट कशाला? प्रश्न रास्त आहे. मला जास्त जाहिराती हव्याच आहेत, पण त्यासाठी शनिवारी दुचाकी घेऊन चाकण-भोसरीकडे जाणारी माणसे हवीत. तुमच्यापैकी कोणी कंपनीतून निवृत्त झाले असतील, गेटवर कसे बोलायचे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते. बैठकीनंतर मी दाराशी वही घेऊन उभी आहे.

ती मुलगी पुन्हा केंद्रावर आली नाही, गावी शेतावर आहे असे कळले. तिची धाकटी बहीण मात्र येते. ती वेबसाइटवर जाहिरात ऐकते, मोबाईल खाली ठेवते आणि समोर येऊन विचारते, ‘ताई, तुम्ही स्वतः गेला होतात का तिथे?’ मागच्या आठवड्यात तिने असेच विचारले. कुरुळीची एक जागा होती. मी गेले नव्हते. तिला तसे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने गेलो.