मुल्लर म्हणजे गिरणीवाला



जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव म्हणजे मुल्लर. अर्थ, पिठाची गिरणी चालविणारा. आमचे निम्मे आयुष्य गिरणीच्या दरवाजावर सभा घेण्यात गेले. गिरणी कापडाची असली म्हणून काय झाले, या मंडळींविषयी आम्हांस आपुलकी वाटते.

या नावाची गर्दी एवढी की, माणूस ओळखू यावा म्हणून नावाला शेपूट जोडावे लागे. आपले मॅक्समुल्लर यांनी त्याचसाठी तरुणपणी 'मॅक्स' हे नाव आडनावास चिकटवून घेतले. सायणभाष्यासह त्यांचा ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत निघाला. लोकमान्य तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेच्या अर्जावर याच पंडिताची सही होती. १८९८ साली लोकमान्य सुटले. स्वित्झर्लंडचे पॉल मुल्लर यांना डीडीटीच्या संशोधनाबद्दल १९४८ चे नोबेल मिळाले. रुमानियातील जर्मनभाषी हेर्टा मुल्लर कारखान्यात भाषांतरकार होत्या. गुप्त पोलिसांची हेर व्हायला नकार दिला म्हणून नोकरी गेली, आणि २००९ साली साहित्याचे नोबेल मिळाले.

पण आज सांगायचे आहे ते हेरमान मुल्लरांविषयी. संसदेत मुल्लर अनेक, म्हणून मतदारसंघावरून यांना 'मुल्लर-फ्रांकेन' म्हणत. वडील वारल्यावर शिक्षण सोडून उमेदवारी केली, पुढे कामगारपत्राचे संपादक झाले. १९१९ साली व्हर्सायच्या तहावर सही करण्याचे नकोसे काम यांच्याच वाट्याला आले. १९२८ साली ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले, तेही पाच पक्षांची मोट बांधून; त्यांत कारखानदारांचा पक्षही होता!

१९२७ च्या कायद्याने तेथे बेकारीचा विमा सुरू झाला होता. वर्गणी मालक-मजुरांनी निम्मी निम्मी भरायची. मंदी आली, बेकार तीस लाखांवर गेले, विम्याची तिजोरी रिती झाली. वर्गणी साडेतीन टक्क्यांवरून चार करा, असे कामगारपक्ष म्हणे, मालकपक्ष ऐकेना. तूर्त वाढ नको, पुढे पाहू, अशी तडजोड निघाली. मुल्लरांचा कल ती पत्करण्याकडे होता. कामगार संघांना मात्र भत्ता कापला जाण्याची धास्ती. त्यांच्या आग्रहाने पक्षाने तडजोड फेटाळली आणि २७ मार्च १९३० रोजी सरकारने राजीनामा दिला.

राष्ट्राध्यक्षांभोवतालची मंडळी या सरकारवर टपलेलीच होती, हे खरे. तरीही हिशेब पाहा. त्याच वर्षी ऑक्टोबरात नव्या सरकारच्या राज्यात वर्गणी साडेसहा टक्के झाली. संसदेतल्या बहुमतावर उभे असलेले सरकार हिटलर येईपर्यंत पुन्हा झाले नाही. अर्ध्या टक्क्याचा हा सौदा आम्ही अनेक रात्री मनात मांडून पाहिला आहे. त्या बैठकीत आम्ही असतो, तर आमचाही हात तडजोडीविरुद्धच वर गेला असता. बेकाराच्या भत्त्याला हात लावू देणार नाही, असे दरवाजावर सांगून आलेला माणूस दुसरे काय करणार?

मुल्लर पुढल्याच वर्षी, २० मार्च १९३१ रोजी वारले. वय चोपन्न, आज आमचे आहे तेवढेच.